बॅकएंड आणि हेल्प डेस्क निवडताना या चुका टाळा, नाहीतर तिकीट तीनदा येतं किंवा येतच नाही

एका ग्राहकाने तक्रारीचा फॉर्म भरला, एकदाच, आणि त्याला "तुमची तक्रार मिळाली" असे तीन मेल गेले, तिन्हींवर वेगळा तिकीट नंबर. आमच्या तिघांनी तीन तिकिटं उचलली, दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली आणि तिसऱ्याने त्यालाच विचारलं की नेमका प्रॉब्लेम काय आहे. माणूस भडकणारच. आम्ही दोन दिवस हेल्प डेस्कच्या (तक्रारींची तिकिटं बनवून सांभाळणारं सॉफ्टवेअर) सपोर्टशी वाद घालत बसलो आणि मग कधीतरी स्वतःचे लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, उघडले, तर घोळ आमच्याच घरात निघाला.

झालं असं होतं, की फॉर्म भरला की त्याचा वेबहुक, म्हणजे आपोआप जाणारा निरोप, आमच्या बॅकएंडच्या (ॲपमागचा सर्व्हर आणि डेटाबेस) फंक्शनला यायचा, फंक्शन आधी तिकीट बनवायचं, मग ग्राहकाने जोडलेला फोटो सेव्ह करायचं आणि सगळं उरकल्यावर "मिळालं" म्हणून २०० हा कोड परत पाठवायचं. फोटो मोठा असला की उशीर व्हायचा, पलीकडच्याला वाटायचं गेलंच नाही, तो परत पाठवायचा, आणि प्रत्येक वेळी नवीन तिकीट. यात वेबहुक पाठवणाऱ्याचं काही चुकलेलं नाही, उत्तर आलं नाही तर परत पाठवणं हेच त्याचं काम आहे. उपाय दोन ओळींचा: वेबहुक आला की तो रांगेत टाका, लगेच २०० द्या, बाकीचं काम मागे होऊ द्या. आणि प्रत्येक सबमिशनचा आयडी आपल्या डेटाबेसमध्ये युनिक ठेवा, म्हणजे तोच परत आला तर दुसरं तिकीट बनणारच नाही.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आम्ही दोन्ही गोष्टींची तुलना अगदी मन लावून केली होती. बॅकएंडची वेगळी शीट, हेल्प डेस्कची वेगळी शीट, हिरवे टिक, लाल फुल्या, सगळं. दोन्ही चांगलेच निवडले. मधला सांधा कोणत्याच शीटमध्ये नव्हता. आता मी फीचरची यादी बघतच नाही, जुन्यातल्या वीस खऱ्या तक्रारी घेतो आणि ट्रायलमध्ये त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघतो, त्यात एक मोठ्या फोटोवाली, एक मेलवरून आलेली, एक तीन वेळा उघडलेली अशी असलीच पाहिजे. डेमोमधला डेटा नेहमी गुळगुळीत असतो, त्याच्यावर काही कळत नाही.

मीटर कशावर फिरतो ते न बघणं

फायरस्टोअर म्हणजे गूगलच्या फायरबेस या बॅकएंडमधला डेटाबेस, त्याचं बिल मुख्यतः डॉक्युमेंट (म्हणजे एक नोंद) किती वेळा वाचलं, लिहिलं, डिलीट केलं यावर येतं. फ्रीमध्ये दिवसाला ५०,००० रीड मिळतात, ऐकायला भरपूर वाटतात. आता ३० एजंट, प्रत्येकाच्या स्क्रीनवर २०० तिकिटांची लिस्ट, आणि प्रत्येकाने दिवसात दहा वेळा रिफ्रेश केलं तर ६०,००० रीड झाले, अजून ग्राहकाचं ॲप उघडलेलंही नाही. पेजिनेशन लावा, म्हणजे लिस्ट थोडी थोडी आणा, रोज लागणारे आकडे वेगळ्या छोट्या डॉक्युमेंटमध्ये मोजून ठेवा. आणि बजेट अलर्ट लावला म्हणजे खर्च थांबेल असं समजू नका हो, तो फक्त मेल पाठवतो, मीटर चालूच राहतो.

सुपाबेस या दुसऱ्या बॅकएंडचं वेगळं, तिथे खाली सरळ पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, रीड मोजत नाहीत, पण फ्री प्रोजेक्ट आठवडाभर कोणी वापरला नाही तर पॉज होतो. सुट्टीवरून येऊन साहेबांना डेमो दाखवायला बसलात आणि काहीच उघडत नाही, तर आधी डॅशबोर्डवर जाऊन हे बघा, कोड उकरत बसू नका.

हेल्प डेस्कचा मीटर बहुतेक ठिकाणी एजंटवर असतो. मग पैसे वाचवायला चार जण एकच लॉगिन वापरतात, आणि महिन्याभराने ग्राहकाला उलट उत्तर कोणी दिलं ते शोधायला गेलं की सगळीकडे एकच नाव. रिपोर्टही बाद. माझं मत विचाराल तर कमी सीट (एजंटची खाती) घ्या पण लॉगिन शेअर करू नका, फक्त बघायची परवानगी लागणाऱ्यांसाठी काही प्लॅनमध्ये वेगळी सोय असते ती आधी विचारा.

"काल तर चालत होतं"

फायरबेस टेस्ट मोडमध्ये सुरू केलं की डेटाबेस सगळ्यांना उघडा असतो, आणि त्या रूल्समध्ये (कोण वाचू-लिहू शकतं ते ठरवणारे नियम) ३० दिवसांनंतरची तारीख घातलेली असते. ती उलटली की एका सकाळी सगळीकडे परमिशन डिनाइड. मग घाईघाईत कोणीतरी सगळ्यांना कायमचं उघडं करून टाकतो आणि ॲप चालायला लागल्यावर ते विसरूनही जातो. सुपाबेसमध्ये याचाच भाऊ म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी (कोणती ओळ कोणाला दिसेल ते ठरवणारं कुलूप) बंद ठेवलेला टेबल, अशा टेबलपर्यंत ॲपमधल्या पब्लिक कीने कोणीही पोचू शकतो. तक्रारींमध्ये लोक काय काय लिहितात ते आठवा, फोन नंबर, पत्ता, कधीकधी पासवर्डसुद्धा. लॉगिन न करता स्वतःच्या एपीआयला (ॲप जिथून डेटा मागतं तो दरवाजा) एक रिक्वेस्ट मारून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मेल, जो सगळ्यात शेवटी आठवतो

सपोर्टचा पत्ता हेल्प डेस्ककडे फॉरवर्ड केला की काम झालं असं वाटतं. येणारं होतं, जाणारं नाही. तुमच्या डोमेनच्या नावाने आता दुसरं कोणीतरी मेल पाठवतंय, त्यामुळे एसपीएफ (तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोन्ही लावावे लागतात, नाहीतर उत्तरं स्पॅममध्ये. इथे दोन चुका सारख्या दिसतात. एक, जुना एसपीएफ रेकॉर्ड तसाच ठेवून दुसरा वेगळा टाकणं, एका डोमेनला दोन चालत नाहीत, दोन्ही मिळून नापास. दुसरी, एकाच रेकॉर्डमध्ये मार्केटिंगचं टूल, बिलिंगचं टूल, हेल्प डेस्क असे इन्क्लूड (त्या त्या टूलच्या यादीचा हवाला) जोडत जाणं, एसपीएफला १० लुकअपची, म्हणजे असे हवाले शोधण्याची, मर्यादा आहे आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही त्यातच मोजतात.

आणि ऑटो रिप्लाय! तुमचा हेल्प डेस्क म्हणतो तक्रार मिळाली, ग्राहकाचा मेलबॉक्स म्हणतो मी सुट्टीवर आहे, त्यावर हेल्प डेस्क परत म्हणतो मिळाली. चांगली टूल्स हे स्वतः ओळखून थांबवतात, पण उत्तर तुम्ही स्वतःच्या बॅकएंडमधून पाठवत असाल तर मेलला ऑटो-सबमिटेड हा हेडर (मेलसोबत जाणारी खूण) लावा, आणि येणाऱ्या मेलवर तो दिसला की गप्प बसा.

बाहेर पडायचा दरवाजा

पार्स नावाचं बॅकएंड फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं, जानेवारी २०१६ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं आणि २०१७ सुरू होताच बंद केलं. सर्व्हरचा कोड ओपन सोर्स केला आणि वर्षभर वेळ दिला म्हणून निभावलं. हेरोकू या होस्टिंगचे फ्री डायनो (ॲप चालवायची जागा) नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. म्हणजे कंपनी मोठी आहे म्हणून निवांत राहायची सोय नाही. पोस्टग्रेस असेल तर डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून दुसरीकडे उभं करता येतं, फायरस्टोअरमधून निघताना डेटाची रचनाच नव्याने करायला लागते, कारण तिथे जॉइन (दोन टेबलांतली माहिती जोडून वाचणं) नसल्यामुळे एकच माहिती तुम्ही चार ठिकाणी कॉपी केलेली असते. तरी मी फायरस्टोअरला नको म्हणणार नाही, रिअलटाइम चॅट पटकन उभं करायचं तर ते सोयीचंच पडतं.

हेल्प डेस्कमध्ये ट्रायलच्या पहिल्याच दिवशी एक्स्पोर्ट मारून फाइल उघडून बघा. तिकिटाचा मजकूर असतो, पण फोटोंच्या जागी बऱ्याचदा नुसत्या लिंक, अकाउंट बंद झालं की त्या लिंक कुठे उघडणार?

आता उरलं ते "मी मेल केला होता" म्हणणारा ग्राहक, ज्याचं तिकीट कुठेच सापडत नाही. त्याला खोटा ठरवण्याआधी, आणि बॅकएंडवाल्याला उठवण्याआधीही, अडवून ठेवलेल्या तिकिटांची यादी बघा. झेनडेस्क या हेल्प डेस्कमध्ये तिला सस्पेंडेड तिकिटं म्हणतात, स्पॅम वाटलेले मेल तिथे जाऊन पडतात आणि १४ दिवसांनी आपोआप डिलीट होतात. आम्ही ती पहिल्यांदा उघडली तेव्हा आत पंधरा-वीस खऱ्या तक्रारी होत्या, सगळ्यात जुनी बारा दिवसांची. आता दर सोमवारी सकाळी ती यादी कोण बघणार हे नावानिशी ठरलेलं आहे.