सोचिमिल्कोला निघण्याआधी

पिशवी भरायला घेण्याआधी घरात एक गोष्ट ठरवून टाका: होडीत बसून गाणी आणि खाणंपिणं करायचंय, की चिनाम्पा, म्हणजे तळ्यातल्या वाफ्यांवरची शेतं, बघायच्यात? मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोत दोन्ही मिळतं, पण एकाच धक्क्यावरून सहसा नाही. बाकीची सगळी तयारी या उत्तरावर ठरते. आम्ही ते न ठरवता गेलो. सासूबाईंना शेती बघायची होती, मुलांना मारियाची, म्हणजे तिथले गाणारे-वाजवणारे, ऐकायचे होते. शेवटी दोन तास होड्यांच्या कोंडीतच गेले.

मौजमजा हवी असेल तर रविवार आणि नातिवितास धक्का. शेती आणि शांतता हवी असेल तर मधला वार, सकाळी लवकर आणि क्वेमान्को धक्का. क्वेमान्कोहून आतल्या चिनाम्पांकडे जाऊन परत यायचं तर तीन-चार तास हाताशी ठेवा. तासाभराच्या फेरीत जेमतेम तोंडओळख होते.

चिनाम्पांना तरंगत्या बागा म्हणतात, पण त्या तरंगत नाहीत. उथळ तळ्यात गाळ आणि पालापाचोळ्याचे थर रचून हे वाफे उभे केलेत, आणि कडेने लावलेल्या आवेहोते नावाच्या उंच, सडपातळ वाळुंजांच्या मुळांनी त्यांच्या कडा धरून ठेवल्यात. स्पॅनिश येण्याच्या आधीपासून ही शेती चालू आहे. 1987 साली युनेस्कोने शहराच्या जुन्या भागासोबत सोचिमिल्कोलाही जागतिक वारशात घेतलं. शेतावर उतरायला मिळालं तर रोपांचा वाफा जरूर बघा. कालव्यातला गाळ ओला असतानाच सपाट पसरतात, जरा आळला की सुरीने बर्फीसारख्या चौकोनी वड्या पाडतात, प्रत्येक वडीत बोटाने खळगा करून एक बी टाकतात. रोप वर आलं की वडी उचलून थेट शेतात. सासूबाई तिथून हलेनात.

पायात चिखलाला न लाजणारे बूट हवेत. शहर 2,240 मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही बरंच वर, त्यामुळे सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी, दोन्ही लागतं. ऊन बोचत नाही म्हणून फसू नका, नाक सोलवटून निघतं. मे ते ऑक्टोबर दुपारनंतर पाऊस येतो. होडीला छप्पर असलं तरी बाजू उघड्या, तेव्हा छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

जायला मेट्रोच्या निळ्या लाइनने तास्केन्या, तिथून त्रेन लिहेरो ही हलकी रेल्वे थेट सोचिमिल्कोपर्यंत. एकच कार्ड दोन्हींना चालतं. क्वेमान्कोला मात्र तास्केन्याहून टॅक्सी करा. स्टेशनाबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कोणी ‘सरकारी धक्का इकडे’ म्हणत पुढे झाला तर हसून चालू लागा. आम्ही त्याच्या मागे गेलो आणि दर जवळपास दुप्पट ऐकला. भाडं होडीमागे आणि तासावर असतं, माणशी नाही, आणि धक्क्यावर दरफलक असतो. किती तास, किती पेसो, हे बसण्याआधीच कागदावर लिहून घ्या. दोघंच असाल तर आणखी कोणाबरोबर होडी वाटून घेता येते का बघा.

रोख रक्कम न्या, तीही सुट्टी. होडीत शौचालय नसतं, काठावर असतं आणि त्याला नाणी लागतात. मारियाची गाण्यागणिक पैसे घेतात. वाजवायला लागण्याआधी दर विचारला नाहीत तर नंतर घासाघीस करायला तोंड उरत नाही.

शाकाहारी मंडळींनी दोन वाक्यं पाठ करावीत: ‘सिन कार्ने, सिन पोयो’, म्हणजे मांस नको, चिकन नको. नुसतं सिन कार्ने म्हटलंत तर चिकन येऊ शकतं, कारण बऱ्याच जणांच्या लेखी ते कार्नेत मोडत नाही. बीन्समध्ये आणि तमाल या मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थात बहुधा डुकराची चरबी असते, तिला मान्तेका म्हणतात, तेही विचारा. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली पोळी, बिनधास्त मागवा, फक्त ‘कोन केसो’, म्हणजे चीज घालून, म्हणायला विसरू नका, राजधानीत केसादियात चीज असेलच असं नाही! शिवाय घरच्या दशम्या आणि चटणी असू द्या. पिण्याचं पाणी स्वतःचं न्या. कालव्यात हात बुडवू नका: इथल्या झऱ्यांचं पाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शहराकडे नेलं गेलं आणि आता कालव्यांत बरंचसं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. आहोलोते हा इथला सालामँडर जंगली अवस्थेत नामशेष व्हायच्या बेतात आलाय, त्यामागे हेही एक कारण. होडीतून तो दिसेल ही आशा मुलांना लावू नका. दाखवायला ठेवलेले मात्र काही ठिकाणी दिसतात.

ऑक्टोबर अखेरीस गेलात तर सेम्पासूचिलने भरलेली शेतं आणि रोपवाटिका बघायला मिळतात. ‘मृतांचा दिवस’ या तिथल्या सणासाठी लागणारं हे फूल म्हणजेच आपला दसऱ्याचा झेंडू, मूळचा तिथलाच. रोप घ्यायचा मोह होईल, पण विमानतळावर ते काढून घेतात.

आणि होडी चालवणाऱ्या रेमेरोसाठी थोडे पेसो वेगळ्या खिशात ठेवा. तो लांब वासा तळाला रोवत तीन-चार तास एकट्याने आख्खी होडी ढकलतो, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत आपलं पाकीट मात्र मक्याच्या कणसांवर रिकामं झालेलं असतं.