१० एमएमच्या प्लेटला ३२चं भोक: होल सॉ जळल्यावर काय केलं

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये १० एमएमच्या एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) प्लेटला ३२ एमएमची बारा भोकं पाडायची होती. बोहरी आळीतून बायमेटल (दोन धातू जोडून केलेला) होल सॉ, म्हणजे कडेला दात असलेली वाटीसारखी गोल करवत, आणला आणि हँड ड्रिलला लावला. दुसऱ्याच भोकात धूर निघाला, दात निळे पडले आणि सॉ नुसता घासायला लागला.

चूक स्पीडची होती. या मापाच्या बायमेटलला माइल्ड स्टीलमध्ये साधारण २५०-३०० आरपीएम (मिनिटाला फेरे) पुरतात. माझं ड्रिल हजाराच्या वर फिरत होतं. शिवाय जाड प्लेटमध्ये चिप्सना (कापलेल्या धातूच्या कातरणाला) बाहेर पडायला वाटच नसते. पत्र्याला, पाइपला होल सॉ उत्तम, पण अशा प्लेटला मी तो पुन्हा लावणार नाही.

शेजारच्या शेडमधल्या काकांनी मॅग्नेटिक ड्रिल दिलं, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटनं प्लेटला चिकटून उभं राहणारं ड्रिल. "ॲन्युलर कटर लाव रे, तो फक्त कडेचं रिंगण कापतो." भोकाच्या मध्यावर सेंटर पंचनं ठोकलेल्या खुणेवर कटरच्या मधली पायलट पिन टेकवली, कटिंग ऑइल सोडलं, दाब एकसारखा ठेवला. चकचकीत चिप्स गुंडाळत वर आल्या आणि शेवटी पिनेनं मधली चकती टक्कन खाली ढकलली. भोक आतून अगदी गुळगुळीत!

मॅग्नेटिक ड्रिलला सेफ्टी चेन मात्र बांधाच. लाइट गेली की इलेक्ट्रोमॅग्नेटची पकड सुटते, आणि भोसरीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही.