तलावाच्या पाण्यातला आणि गाळातला चुना घरच्या घरी कसा तपासावा

तुरीची डाळ शिजेना की आपण ‘पाणी जड आहे’ म्हणून मोकळे होतो. पण तो जडपणा चुन्याचाच (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचाच) आहे का, हे थोड्या खटाटोपात कळतं.

आधी थोडं भूगर्भाचं. मेक्सिकोतल्या युकातानसारख्या चुनखडकाच्या प्रदेशात पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक विरघळवत पाणथळीत येतं. तिथे उन्हात शेवाळ तो वायू शोषून घेतं, सामू (pH) चढतो आणि चुना पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतो. आपलं नागपूर असं नाही. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला नाईस हा पट्टेदार खडक. तरी आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात आणि रामटेक-देवलापारकडे संगमरवर, डोलोमाइटही आहे. म्हणजे तपासण्यासारखं बरंच आहे.

नमुना घ्यायला फुटाळा, गोरेवाडा किंवा खिंडसी, कोणताही तलाव चालेल. मुसळधार पावसानंतरचे आठ-दहा दिवस मात्र टाळा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, कोपरभर खोल बुडवा आणि झाकण पाण्याखालीच लावा. आत हवा राहिली तर वायू निसटतो आणि सामू चुकतो. सामू काठावरच मोजा. एकाच जागी पहाटे आणि दुपारी तीनला, दोनदा. हिरव्या पाण्यात दुपारचा आकडा बराच चढलेला दिसेल. नुसता दुपारचा आकडा घेऊन ‘पाणी अल्कधर्मी’ म्हणणं म्हणजे शेवाळाचं श्रेय खडकाला देणं.

आता मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं थेंबांचं किट घ्या. त्यात जीएच म्हणजे एकूण जडपणा आणि केएच म्हणजे बायकार्बोनेटचा आकडा. किटवरच्या एका अंशाला 17.8 ने गुणा; लिटरमागे मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) मिळतात. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर चुना किंवा डोलोमाइटचा संशय घट्ट. जीएच केएचपेक्षा खूप जास्त असेल तर सल्फेट किंवा क्लोराइड आहे. केएच जीएचपेक्षा जास्त म्हणजे सोडियम, आणि शेतीला ते पाणी वाईट.

खात्री हवी असेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, थंड करा, आटलेल्याची भरपाई डिस्टिल्ड वॉटरने करा (बॅटरीत घालतात तेच) आणि गाळून पुन्हा केएच मोजा. आकडा घसरला, भांड्याला पांढरा थर आला, तर तो चुना.

गाळ सावलीत वाळवा आणि त्यातले शंख-शिंपले आधी निवडून टाका. हे कंटाळवाणं काम आहे, पण शिंपलाही चुनाच; व्हिनेगर पडताच फसफसतो आणि आपण मातीलाच चुनखडीयुक्त ठरवतो. मग चिमूटभर मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका, कान जवळ न्या. थोडा चुना असेल तर बुडबुडे दिसत नाहीत, बारीक चुरचुर ऐकू येते. डोलोमाइटचा खडा मात्र ढिम्म राहतो, त्याची पूड करावी लागते.

सामूसाठी 10 ग्रॅम मातीत 25 मिली डिस्टिल्ड वॉटर घालून अर्धा तास अधूनमधून ढवळा. साडेसात ते साडेआठ आला तर चुना समजा. त्याच्या वर गेला तर सोडियमचा हात आहे.

स्फुरद (फॉस्फरस) घरी मोजण्याच्या भानगडीत पडू नका. चुना त्याला बांधून ठेवतो, म्हणून चुनखडकाच्या पाणथळी स्फुरदाच्या बाबतीत उपाशी असतात; शहरातल्या तलावांत ते सांडपाण्यातून येतं. गाळ प्रयोगशाळेत देताना ऑल्सेन पद्धतीनेच तपासायला सांगा. ब्रे पद्धतीतलं आम्ल चुन्यातच खर्ची पडतं आणि स्फुरद खोटं कमी दिसतं.