घरीच शिकवताय? इतिहास-विज्ञानाची पुस्तकं अशी निवडा

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी महागडं पॅकेज घ्यायच्या आधी बालभारतीची पुस्तकं बघा, पीडीएफ फुकट डाऊनलोड होतात. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याची माहिती आहे आणि चौथीच्या भाग 2 मध्ये शिवाजी महाराजांचा इतिहास, लहान मुलांना सुरुवात इथूनच करून द्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण जवळपासचा किल्ला प्रत्यक्ष दाखवता येतो. 1670 ची सिंहगडाची लढाई वाचून झाली की पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी सरळ गडावर जायचं, तानाजींची समाधी बघायची, आणि मुलाला विचारायचं की तू असतास तर कुठून चढला असतास. इतिहासाचं कुठलंही पुस्तक निवडताना हेच बघा, प्रश्न नुसते सन विचारणारे आहेत की 'का' विचारणारे?

विज्ञानाला एकच टेस्ट. कुठलाही एक धडा उघडा आणि त्यातला प्रयोग घरच्या सामानात होतोय का बघा. मटकी एका वाटीत ओल्या फडक्यात, दुसऱ्या वाटीत कोरडीच, मोड कुठे आले ते मुलानं स्वतः वहीत काढायचं, तुम्ही उत्तर आधी सांगू नका प्लीज! अरविंद गुप्तांच्या साईटवर टाकाऊतून खेळणी करायचे ढीगभर प्रयोग आहेत, मराठीतही.

पुढे परीक्षा द्यायची असेल तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिच्या ओबीई (मुक्त मूलभूत शिक्षण) कार्यक्रमाची लेव्हल ए म्हणजे तिसरी, बी म्हणजे पाचवी, तो सिलॅबस एकदा चाळून ठेवा.