मूल हवे असेल तर तयारी तीन महिने आधीपासून

लग्नाला वर्ष उलटले की चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या माटोळीखाली जमलेल्या नातलगांपैकी कोणीतरी 'गोड बातमी कधी?' असे विचारतेच, आणि तो प्रश्न बहुधा सुनेलाच विचारला जातो. प्रत्यक्षात मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. म्हणून पुढील सूचना पती आणि पत्नी या दोघांसाठीही आहेत, आणि दोघांनी तयारीला एकाच दिवशी आरंभ करावा, असा माझा आग्रह आहे.

तीन महिन्यांचा हिशेब शरीरानेच घालून दिलेला आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर ते परिपक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी एक-दोन आठवडे जातात. त्यामुळे आज सोडलेल्या सिगारेटचा लाभ साधारण तीन महिन्यांनी दिसू लागतो. जोराचा ताप येऊन गेल्यावर वीर्याच्या तपासणीत काही काळ कमी आकडे येतात, तेही याच कारणाने. स्त्रीसाठी हिशेब वेगळा आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे पुरते ध्यानात येण्यापूर्वीच. यासाठी फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज, आणि शक्यतो तीन महिने आधीपासून घ्यावी. मधुमेह असेल, फिट्सची औषधे चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा जन्मदोष असेल, तर अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

आपल्याकडे गोव्यात अनेक घरांतील पुरुष बोटीवर नोकरीला असतात आणि सुटी मोजक्या आठवड्यांची असते. जो चतुर्थीला घरी येणार आहे, त्याने दारू-तंबाखू ज्येष्ठातच, म्हणजे बोटीवर असतानाच सोडली पाहिजे. घरी पोहोचल्यावर सोडून त्या सुटीपुरता उपयोग फारसा होत नाही. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. इंजिनरूममध्ये, पावाच्या किंवा फेणीच्या भट्टीपाशी तासन्‌तास काम करणाऱ्यांनी सैल सुती कपडे वापरावेत, मधून मधून थंड जागी जावे आणि लॅपटॉप मांडीवर ठेवू नये.

काजूच्या हंगामात घेतलेली हुर्राक, म्हणजे काजूची सौम्य दारू, आपल्याकडे व्यसनात मोजली जात नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. गर्भारपणात मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही, आणि पहिले दोन-तीन आठवडे गर्भ राहिल्याचे कळतही नाही. म्हणून स्त्रीने प्रयत्न सुरू करतानाच मद्य पूर्ण बंद करावे. पुरुषाच्या अति मद्यपानाने टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणूंची संख्या दोन्ही घटतात. धूम्रपानाने बीजकोशातील बीजांचा साठा लवकर संपतो आणि रजोनिवृत्ती एक ते चार वर्षे आधी येऊ शकते. घरात दुसऱ्याने ओढलेला धूरही अपायकारक असतो. व्यायामशाळेत स्नायू वाढवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना मी विशेष कळकळीने सांगेन, की त्या इंजेक्शनांमुळे शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबू शकते.

वजन जास्त असून पीसीओडीमुळे, म्हणजे बीजकोशांच्या संप्रेरक-विकारामुळे, पाळी लांबत असेल, तर वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींचे बीज पुन्हा नियमित सुटू लागते. ७० किलोंच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो होतात. त्यासाठी हुमण-भात सोडण्याची गरज नाही. भात थोडा उणा करावा, भाजी आणि कडधान्ये वाढवावीत, बांगडे-तारले खुशाल खावेत. मोरीसारखी मोठी शिकारी मासळी मात्र तिच्यातील पाऱ्यामुळे टाळावी. फार कृश असणेही बीज सुटण्याच्या आड येते. कॉफी दिवसाला दोन कपांवर नेऊ नये.

स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. बीज पुढील पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटते, त्यामुळे ३२ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रीने चौदावा दिवस धरून बसणे चुकीचे ठरते. तिचा दिवस अठराव्याच्या आसपास येतो. तारखांचा ताण नको असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे पुरेसे आहे. हॉटेलात किंवा कॅसिनोत रात्रपाळी करणाऱ्या जोडप्यांनी निदान या काळापुरत्या दोघांच्या कामाच्या पाळ्या जुळवून मागाव्यात, कारण एकमेकांची भेटच न होणे हेही एक खरेखुरे कारण असते.

वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष, त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढेही थांबू नये. जाताना दोघांनी मिळून जावे. वीर्याची तपासणी सोपी आणि वेदनारहित असल्याने ती आरंभीच करावी, आणि त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावेत. पुढील उपचारांची वेळ आलीच, तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून कृत्रिम गर्भधारणेची सरकारी सोय आहे; तिथे जाताना मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि आधीचे सर्व अहवाल सोबत न्यावेत.