इको-सेन्सिटिव्ह गावांची हरकत लिहिताना

पर्यावरणशास्त्र शिकून सह्याद्रीतल्या ग्रामपंचायतींबरोबर काम करायचं ठरवलंत, तर एक कागद लवकरच हातात येईल : पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील (इको-सेन्सिटिव्ह) क्षेत्राची प्रारूप अधिसूचना, म्हणजे गावांच्या यादीसकट केंद्र सरकारचा मसुदा. मार्च २०१४ पासून ती निघते, मुदतीत अंतिम होत नाही, पुन्हा निघते. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. सहा राज्यांतलं सुमारे ५६,८२५ चौ. किमी क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौ. किमी.

हरकती-सूचनांना ६० दिवस असतात. २०२२ चा आणि २०२४ चा, दोन्ही मसुदे जुलैत आले, म्हणजे ऐन भातलावणीत. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती. चिखलातून माणसं बोलावून एवढी जमवून पाहा!

जमली तरी ठराव बहुतेकदा एका ओळीचा : ‘आमचे गाव यादीतून वगळण्यात यावे.’ अशा ओळींचे गठ्ठे मी टंकले आहेत. त्यांतून दिल्लीत बसून वाचणाऱ्याला काही कळत नाही. गाव यादीत का आलं, हे आधी समजून घ्या. केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन कार्यगटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून ज्या गावात २० टक्के किंवा जास्त संवेदनशील क्षेत्र दिसलं, ते अख्खं गाव धरलं. म्हणून हरकतही त्याच भाषेत हवी. कोणत्या गट नंबरात काजूची जुनी बाग आहे जी वरून जंगलासारखी दिसू शकते, देवराई कुठे, सडा (कातळाचं पठार) कुठे, वाड्या कुठे, हे गावनकाशावर दाखवा. सातबारा वाचता येणं आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर हाताळता येणं, या दोन गोष्टी मला पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

त्यासाठी शिवारफेरी काढा. नुसत्या पुढाऱ्यांना घेऊन नको. ते हद्दीचे वाद सांगत बसतात. एप्रिलमध्ये पाणी कुठे टिकतं ते बायकांना आणि गुराख्यांनाच ठाऊक असतं.

सभेत भीती एकच : ‘शेती बंद, घर बांधायला बंदी.’ वाद घालू नका, मसुद्यातली कलमं मराठीत मोठ्याने वाचा. बंदी आहे ती खाणकाम, दगड आणि वाळू उपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषणाचे) नवे उद्योग, २०,००० चौ. मी. आणि त्याहून मोठी बांधकामं यांवर. राहत्या घराची दुरुस्ती-वाढ त्यात अडवलेली नाही. मग सभेचा सूर बदलतो. चिरेखाणीवर पोट असलेल्यांची हरकत मात्र खरी असते. तिला गुंडाळून टाकू नका, वेगळा परिच्छेद द्या. आणि प्रत्येक गाव वगळा म्हणतं असंही नाही. कस्तुरीरंगन गटाच्या आधी पश्चिम घाटाचा अभ्यास केलेल्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी स्वतःहून संवेदनशील दर्जा मागितल्याची नोंद आहे. नव्याने आलेल्यांनी तो भाग आधी वाचावा.

पुरावा म्हणून पंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, जोडता येते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला लावली आहे आणि नोंदवही त्या समितीचं काम. पण जोडण्याआधी उघडून बघा. राष्ट्रीय हरित लवादाने या वह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि पुढे राज्याला दरमहा १० लाखांचा भुर्दंड अशी तंबी दिल्यावर कितीतरी वह्या घाईत उरकल्या गेल्या. डोंगरावरच्या गावाच्या यादीत खाडीतले मासे मिळाले, तर ती वही तुमची बाजूच बुडवेल.

ठरावावर सूचक-अनुमोदकांची नावं, इतिवृत्ताची प्रत, नकाशा, सगळं एकत्र शिवा. ईमेल करा आणि शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा. आवक क्रमांकाची पोच मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका, त्यात लाज कसली. पुढचा मसुदा येईल तेव्हा सरपंच बदललेला असेल, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) बदली झालेली असेल आणि पंचायतीच्या कपाटात फाइल सापडेलच असं नाही. एक प्रत गावातल्या शाळेत नाहीतर वाचनालयात ठेवून द्या.