कीबोर्डचा स्विच उघडा, पण पिशवीत

मेकॅनिकल कीबोर्डचा स्विच (प्रत्येक बटणाखालची छोटी डबी) सुरीने उचकटला की झाकणाचा हूक तुटतो आणि स्प्रिंग कपाटाखाली पळते. म्हापशात माझ्या दोन अशाच गेल्या. आता काजूगराची रिकामी पारदर्शक पिशवी वापरतो (धुऊन, नाहीतर तेल-मीठ स्विचात).

१. केबल काढा. स्विच पुलरने सरळ वर ओढा. हे हॉटस्वॅप बोर्डापुरतंच, म्हणजे ज्यात स्विच डाग न देता सॉकेटात नुसता खोचलेला असतो. डाग दिलेला स्विच ओढू नका.

२. दोन्ही हात पिशवीत घालून चिमट्याच्या टोकांनी एका बाजूचे हूक किंचित बाहेर ढकला, मग दुसऱ्या बाजूचे. एकाच बाजूने जोर लावलात की झाकण गेलंच.

३. स्प्रिंग किंवा स्टेम (बटणाबरोबर खालीवर होणारा मधला दांडा) बदला. स्टेमचे दोन पाय आतल्या धातूच्या पट्टीकडेच हवेत. उलटे बसले तर की सतत दाबलेलीच नोंदली जाते. झाकण चारही कोपऱ्यांत टक् होईपर्यंत दाबा.

४. पिना सरळ आहेत का बघा, मगच सॉकेटात बसवा. माझी निम्मी 'बिघडलेली' बटणं वाकलेल्या पिनेचीच निघाली.

स्विचातली ती धातूची पट्टी मात्र चिमट्याने चुकूनही छेडू नका. आणि पावसाळ्यात घामट हातांनी स्प्रिंगा हाताळू नका. आपल्याकडच्या दमट हवेत गंज धरायला निमित्तच लागतं.